तुम्ही रडता छान

"मावशी, या ना पुढे. तुम्ही रडता छान."

माईकवर. भरल्या हॉलमध्ये. मॅडम हे बोलल्या आणि हसल्या, म्हणून हॉल हसला. पहिल्या रांगेत नागपूरहून आलेले पाहुणे सर बसले होते. तेही हसले, पण मोठी माणसं हसतात तसे, ओठ न उघडता.

"त्या दिवशी वर्गात रडलात ना, तसंच. फक्त पदर तोंडावर घेऊ नका. सगळ्यांना चेहरा दिसला पाहिजे."

मी उठले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला शूर समजू नये. मला कोणी ओढत नेलं नाही. मी आपल्या पायांनी उठले, निऱ्या सारख्या केल्या आणि स्टेजवरच्या दोन खुर्च्यांपैकी क्लायंटच्या खुर्चीत जाऊन बसले. क्लायंट म्हणजे ज्याचं दुःख असतं तो. समोर बसतो तो समुपदेशक, म्हणजे ते दुःख ऐकण्याचे ज्याला मार्क मिळतात तो.

पाच महिने मी त्याच खुर्चीत बसत होते. सवय लागते माणसाला.

आता मी कोण ते सांगते. केशोरीकडच्या गोंडाच्या घरची. वय त्रेचाळीस, वजन विचारू नका. आश्रमशाळेत मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकीण. बाहेरून बी.ए. केलं, इतिहासात दोनदा नापास होऊन. मग गोंदियाच्या कॉलेजात समुपदेशनाच्या पदविकेला नाव घातलं. वर्ग शनिवार-रविवार. शनिवारी सकाळच्या गाडीनं जायचं, मुक्काम मुर्रीला मामेबहिणीकडे, रविवारी परत.

नवरा जंगल खात्यात रोजंदारीवर आहे. तो म्हणाला, "या वयात कायले जाऊन राहिली? लोकायचं आयकाले शिकाचं? तू त कोनाले बोलूच देत नाही."

खोटं नव्हतं. आमच्या खानदानात गोष्टी सांगणारी मीच. लग्न असो, बारसं असो, मयतीला जमलेले लोक असोत, रात्र काढायची असली की पोरं माझ्याभोवती. नवरा म्हणतो, रानात दिसलेला बिबट्या माझ्या तोंडातून बाहेर येईपर्यंत वाघ होतो, आणि दुसऱ्यांदा सांगितला तर वाघाला दोन पिल्लंही होतात.

पहिल्याच आठवड्यात मॅडमनी शिकवलं, समोरचा जे बोलला ते आपल्या शब्दांत त्याला परत द्यायचं, म्हणजे त्याला कळतं की आपलं ऐकलं जातंय. मी घरी आले आणि नवऱ्यावर सराव सुरू केला.

तो म्हणाला, "भाजीत मीठ नाही."

मी पुढे झुकले. "तुम्हाला असं वाटून राहिलं की भाजीत मीठ नाही."

"वाटून नाही राहिलं. नाहीच हाय."

"तुम्हाला राग आला आहे."

त्याने ताट उचललं आणि अंगणात जाऊन जेवला.

पण मी गंमत म्हणून नव्हते गेले. काही वर्षांपूर्वी आमच्या आश्रमशाळेत सिकलसेलच्या तपासणीचं शिबिर लागलं. नर्सबाई मुलींना समजावून सांगत होत्या. हा आजार रक्तातला, आईबापाकडून येतो. सांधे ठणकतात, हातपाय ठणकतात. थंडीत जास्त, दमल्यावर जास्त. वरून काही दिसत नाही, म्हणून घरचे म्हणतात, पोरगी ढोंग करते. मी मागे वरण वाढायला उभी होते. डाव हातात तसाच राहिला. मला माझी धाकटी बहीण आठवली. तिचं नाव मी इथं लिहिणार नाही. का नाही, ते पुढे कळेल.

त्या दिवसापासून मला एकच काम करायचं होतं. ज्या घरात लेकरू दुखते म्हणतं आणि घर म्हणतं नाटक करते, त्या घरात जाऊन बसायचं. आईबापाशी बोलायचं, आमच्या बोलीत. दवाखान्यात अशा समुपदेशकाची जागा असते. ती मला पाहिजे होती. तेवढ्यासाठी हा पदविकेचा कागद पाहिजे होता.

वर्गात आम्ही तीस-बत्तीस जण. बाकीचे सगळे माझ्या पोरीच्या वयाचे. त्यांना मॅडम नावानं हाक मारायच्या. मला मावशी. मॅडम माझ्याहून दोन-चार वर्षं लहानच असतील. मावशी हा शब्द वाईट नाही, माझ्या शाळेतल्या मुलीही मला मावशीच म्हणतात. पण मॅडमच्या तोंडी तो शब्द आला की मला वाटायचं, आता चहाचे कप उचलायला सांगतात की काय. दोनदा सांगितलंही. मी उचलले.

तिघातिघांचे गट करून सराव चालायचा. एक समुपदेशक, एक क्लायंट, एक नुसतं बघून टिपणं काढणारा. पहिल्या वेळी मी समुपदेशक झाले. समोर तिरोड्याहून येणारी एक मुलगी, लग्न होऊन वर्ष झालेली. ती काही बोलेना. आमच्याकडे दुःखाची गोष्ट कोणी समोरासमोर बसून सांगत नाही. तेंदूपत्त्याचे पुडे बांधत बाया शेजारी-शेजारी बसतात, हात पानांवर चालतात, नजर हातावर असते आणि मग एखादी हळूच बोलू लागते. मला तेवढंच येत होतं. मी खुर्ची तिच्या बाजूला वळवली. मामेबहिणीसाठी आणलेल्या वालाच्या शेंगा पिशवीत होत्या, त्या काढल्या, मूठभर तिच्या पुढ्यात ठेवल्या आणि म्हटलं, "सोल."

ती सोलू लागली. पाच-सात शेंगा झाल्या असतील. मग खाली बघतच म्हणाली, "सासू माझ्या माहेरच्या फोनवर..."

तेवढ्यात मॅडम येऊन उभ्या राहिल्या.

"हे काय आहे, मावशी? समुपदेशन चाललंय की स्वयंपाकाची तयारी?"

वर्ग हसला. मुलगी हातातली शेंग टाकून सरळ बसली.

"समोर बसायचं, डोळ्यांत बघायचं, पुढे झुकायचं. मी काय भिंतींना शिकवत होते? तुम्ही क्लायंटला मोलकरणीच्या कामाला लावलंत." मग आवाज मऊ करून म्हणाल्या, "आणि तुमच्या भाषेचाही प्रश्न आहे ना. शिकलेला क्लायंट आला तर? असं करा, तुम्ही क्लायंटच व्हा. या मुलांकडे प्रॉब्लेम कुठले? तुमच्याकडे खरे असतील."

वर्गाने माझ्याकडे बघितलं. भरलेल्या कोठीकडे बघतात तसं.

मी शेंगा गोळा केल्या. खाली पडलेल्याही वेचल्या.

पुढच्या शनिवारी माझ्यासमोर पूर्वा. राईस मिलवाल्याची मुलगी, कारमधून यायची, मनाने काही वाईट नव्हती. फळ्यावर मॅडमच्या अक्षरात लिहिलेलं होतं: या खोलीतलं या खोलीतच राहील. मी ते वाचलं आणि खरं मानलं.

सांगितलं मग. मी वीस वर्षांची होते, बहीण तेरा. ती देवरीकडच्या आश्रमशाळेत आठवीला. दिवाळीच्या सुटीला घरी आलेली. परत जायच्या दिवशी म्हणाली, "बाई, मले नाही जाचं. टोंगरे ठणकून राहिले."

मी म्हटलं, "नौटंकी नोको करू. शाळा बुडवाची हाय तुले."

केशोरीच्या स्टँडवर मीच तिला बसमध्ये बसवून दिलं. आठव्या दिवशी शाळेतून माणूस आला. ताप आणि अंगदुखी, एवढंच म्हणाला. तिला आणायला बाबा गेले. आणली ती चादरीत.

मी रडले. वर्गात, पदर तोंडात घालून. पूर्वा शिकवल्याप्रमाणे पुढे झुकली, माझ्या डोळ्यांत बघितलं, कागदी रुमाल दिला आणि म्हणाली, "तुम्हाला अपराधी वाटतंय." मी म्हटलं, हव. मॅडम मागून म्हणाल्या, "व्हेरी गुड, पूर्वा."

खरं सांगायचं तर मला हलकं वाटलं. परतीच्या गाडीत मी झोपले, माझं स्टेशन जायची वेळ आली होती.

त्यानंतर सुरू झालं. "आंटी, आज हमारे ग्रुप में आओ ना. आपका केस अच्छा है." या गटात, मग त्या गटात. मी जात गेले. मला कोणी बळजबरी केली नाही, आणि हेच मला सगळ्यात जास्त बोचतं. माझं ऐकायला चार जण वाट बघतात याची मला गोडी लागली. कोणत्या वाक्याला थांबायचं, कुठं आवाज बारीक करायचा, ते जमू लागलं. तिसऱ्या वेळी टिपणं काढणारी मुलगी मोबाईल बघत होती. माझ्या बहिणीचं मरण चाललेलं आणि ती बोटाने पडदा वर सरकवत होती. मला सहन झालं नाही. मी म्हटलं, "गाडी सुटली तेव्हा तिनं खिडकीतून हात हलवला."

मुलीने मोबाईल खाली ठेवला.

मग चौथ्या वेळीही हलवला. पाचव्या वेळी बराच वेळ हलवत राहिली.

आणि मग सुरुवातीला सांगितली ती रविवारची कार्यशाळा. पाहुणे आले, बाहेरच्या कॉलेजांची मुलं आली. दारात प्रत्येकाला एक छापील कागद मिळत होता. मलाही मिळाला. मी शेवटच्या रांगेत बसून तो उघडला.

केस क्र. ४. क्ष, वय ४३, आदिवासी स्त्री, केशोरी परिसर, आश्रमशाळेत स्वयंपाकीण.

त्या हॉलमध्ये अशी बाई एकच होती. नाव तेवढं काढलं होतं.

खाली: मुख्य तक्रार, अपराधगंड. कारणे, अज्ञान, अंधश्रद्धा, मुलीच्या शिक्षणाबद्दल कुटुंबाची उदासीनता.

अंधश्रद्धेचा मी एक शब्द काढला नव्हता. आणि शाळा बुडू नये म्हणून मी तिला बसमध्ये कोंबली होती. त्यांनी ते उदासीनता म्हणून लिहिलं. आमच्या जातीच्या बाईचा कागद भरायचा तर हे शब्द त्यांच्याकडे आधीपासून तयार असतात.

माझ्या बहिणीचं वाक्य अवतरणात होतं. टोंगरे पुढे कंसात गुडघे. शेजारच्या दोन मुली ते वाचून खुसखुसत होत्या. "टोंगरे, यार."

तळाशी: संकलन, पूर्वा. मार्गदर्शन, मॅडम. आणि प्रश्न. त्यातला तिसरा असा होता: बहिणीने हात हलवला याचा क्लायंटसाठी काय अर्थ असू शकेल? पाच गुण.

हा कागद वाचून होतो न होतो तोच मॅडम म्हणाल्या, तुम्ही रडता छान.

तर मी स्टेजवर बसले होते. समोर पाहुणे सर, कारण प्रात्यक्षिक तेच देणार होते. मी पाठ असल्यासारखं सांगितलं. सरांनी फार सुंदर ऐकलं. खोटं कशाला बोलू, तसं ऐकणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला. मग ते हळू आवाजात म्हणाले, "ती हात हलवत होती. जाताना ती तुमच्याकडे बघत होती. मला वाटतं, तिने तुम्हाला तेव्हाच माफ केलं होतं."

मॅडम पेन उचलून थांबलेल्या. आता मी रडायचं होतं.

आणि मला ते वाक्य आवडलं. तेवीस वर्षं मला हेच ऐकायचं होतं. पाणी पापणीपर्यंत आलं होतं.

मग मला तो स्टँड दिसला. जसा होता तसा.

तिला बसची पायरी चढता येत नव्हती. एक पाय वर टाकला की दुसरा उचलत नव्हता. कंडक्टरने तिच्या काखेत हात घातला आणि तिला वर ओढून घेतलं. मी खाली उभी होते. मी हसले. शेजारी गावातली एक बाई होती, तिला म्हटलं, "पाहा कशी नाटक करून राहिली." बहिणीने ते ऐकलं. ती आत गेली. वळली नाही. हात नाही, काही नाही.

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. पूर्वालाही नाही. पाच वेळा रडून मी एवढंच वगळलं होतं आणि त्या जागी एक हात बसवला होता. त्या हाताच्या बदल्यात आता मला माफी मिळत होती, नागपूरच्या माणसाकडून, सगळ्यांसमोर, टाळ्यांसकट.

"नाही हलवला," मी म्हटलं.

"अं?"

"हात. तिनं नाही हलवला. ते मी जोडलं. तुमची पोरं मोबाईल पाहून राहिली होती म्हणून जोडलं."

सर म्हणाले, "तुम्हाला आता असं वाटतंय की तुम्ही माफीला पात्र नाही."

"सर, मी तिथं होती. तुम्ही नव्हते."

मॅडमनी माईक हातात घेतला. "मावशी, रोलमध्ये राहा."

"मॅडम, फळ्यावर तुम्हीच लिहिलं होतं, या खोलीतलं या खोलीतच राहील. मग ही कोणती खोली हाय?"

कोणीतरी हसलं. मॅडमच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी माईक खाली केला आणि जवळ येऊन फक्त मला ऐकू जाईल असं बोलल्या. शब्द जसेच्या तसे देते. "नाव दिलंय का तुमचं? मग? जागा रिकामी होती म्हणून घेतलं तुम्हाला. नाहीतर भांडीच घासत बसला असतात. तमाशा करू नका."

मी स्टेजवरून उतरले. पहिल्या रांगेपासून सुरू केलं. हात पुढे करायचा आणि म्हणायचं, "कागद द्या." बस. काहींनी मुकाट्याने दिले. काहींनी देताना वर बघितलं नाही. एकाने विचारलं, "इसके मार्क्स हैं क्या?" तिरोड्याच्या मुलीने आपला दिला आणि शेजारच्या चौघांचे ओढून घेऊन दिले. बाहेरच्या कॉलेजवाल्यांनी तर काही न कळताच दिले. हात भरले तसे मी ते पदरात घेत गेले.

पूर्वाने आपला कागद घडी करून पर्समध्ये टाकला.

"पूर्वा, कागद दे."

"आंटी, मैंने नाम तो बदला है ना. इसमें मेरी भी मेहनत है."

मी हात पुढे करून उभी राहिले. बराच वेळ. तिने दिला नाही. शेवटी शिपाई आला आणि मला दंडाला धरून दाराबाहेर काढलं, पदरातल्या कागदांसकट.

त्या रविवारी मी घरी गेले नाही. माहेरी गेले. आई आता वाकली आहे, पण बसून राहत नाही. सुपात तांदूळ घेऊन खडे वेचत होती. मी शेजारी बसले आणि मीही वेचू लागले. मग म्हटलं, "बाय, त्या दिवशी मी हसली होती. तिले पायरी चढता येत नव्हती, अना मी हसली होती."

आईचे हात थांबले नाहीत.

"मले मालूम हाय. त्या बाईनं तवाच सांगतलं."

तेवीस वर्षं. दर सणाला मी इथं जेवले होते.

"मंग बोलली काऊन नाही?"

"बोलून का करतो?" ती म्हणाली. सूप पाखडलं, कोंडा माझ्या अंगावर उडाला. जेव म्हणाली नाही, बस म्हणाली नाही. मी शेवटच्या बसने निघाले.

मला माफी नाही. हे आता स्पष्ट आहे. आणि ती वाटायला मॅडम कोण, नागपूरचे सर कोण?

पुढच्या शनिवारी मला ऑफिसात बोलावलं. टेबलावर कोरा कागद ठेवला. माफीनामा लिहा, नाहीतर प्रात्यक्षिकात शून्य. नवरा आदल्या दिवशी म्हणाला होता, "लिहून टाक ना. दोन ओळी त हायेत." मी पेन घेतलं. दोन नाही, तीन ओळी लिहिल्या. केस क्र. ४ माझी आहे. ती मी दिलेली नाही. ती विभागाच्या फाईलमधून काढून मला परत द्यावी. खाली क्ष लिहिलं नाही. पूर्ण नाव लिहिलं, बापाचं, गावाचं. एक प्रत विद्यापीठाला रजिस्टर पोस्टाने पाठवली.

शून्य मिळालं. शेरा मिळाला, वर्गाशी सहकार्य करत नाही. वर्ष गेलं. विद्यापीठाचं उत्तर आलेलं नाही. मी दर महिन्याला स्मरणपत्र टाकते. पोस्टातला माणूस आता माझा पत्ता न वाचता पावती फाडतो.

मी पुन्हा फॉर्म भरला आहे. खिडकीवरचा बाबू म्हणाला, "फिर से, आंटी?" मी म्हटलं, फिर से. याच कॉलेजात, याच मॅडमकडे. पहिल्या दिवशी मी समुपदेशकाच्या खुर्चीत बसणार आहे आणि कोणी उठा म्हटलं तर उठणार नाही. नापास करायचं तर त्या खुर्चीत बसलेलीला करा. मार्कांसाठी मी पुन्हा माझी बहीण कोणापुढे मांडणार नाही. तिचं नाव तेवढं कोणत्याच कागदावर गेलेलं नाही, ते माझ्याकडेच राहील. इथं लिहिलं ते मी लिहिलं, माझ्या हातानं, आणि हसले तेही लिहिलं.

पूर्वा पास झाली. तिला कुठंतरी नोकरी लागली आहे म्हणे, समुपदेशकाची. एक कागद अजून तिच्याकडे आहे. ती कुठं बसते याचा मी पत्ता काढून राहिले. सापडली की जाईन, तिच्या क्लायंटच्या रांगेत उभी राहीन, माझा नंबर आला की समोर बसेन आणि हात पुढे करून म्हणेन, "कागद दे."